धवळी पेंडेची चाल

छत्रपती संभाजीनगर
डिसेंबरअखेर

प्रिय मधू,

तुझ्या वकिलाचं पाकीट मिळालं. आत प्रतिज्ञापत्राचे कागद आणि त्यांना टाचलेली तुझी चिठ्ठी. इतक्या वर्षांनी लिहिलंस आणि लिहिलंस काय, तर ‘उमा, त्या खोलीत तू होतीस. आता दुसरं कुणी उरलं नाही. वाचून सही कर.’ बाबा रे, तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, एवढं तरी विचारायचं! तार करावी तसं लिहिलंयस. मी रागावले आणि पाकीट उचलून फ्रिजवर ठेवून दिलं. येता-जाता ते दिसायचं, मी तोंड फिरवायची. मग राग गेला. तुझ्यावर माझा राग टिकत नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तू असा वागतोस.

ती जाहिरात मी तुझ्याआधीच बघितली होती. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी मेथी निवडत बसले होते, सुनेनं टीव्ही लावला होता. कुठल्याशा सोन्याच्या पेढीची जाहिरात. अंगणात हळद चाललेली, पाटावर नवरी, मागं बासरी, आणि मग एका बाईचा चांगला तापलेला, गावाकडचा आवाज:

हळद लागली, हळद लागली, परात भरा,
कारभारी दादाच्या डोळ्यांना फुटला झरा.

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. सून म्हणाली, ‘‘आई, किती जुनं गाणं असेल ना! अंगावर काटाच येतो.’’ पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘पारंपरिक लोकगीत, मराठवाडा’. मला हसू फुटलं. इतकी हसले, इतकी हसले की ती बिचारी घाबरून पाणी घेऊन आली. मग मी तिला त्याच चालीवर म्हणून दाखवलं:

धवळी पेंड, धवळी पेंड, टोपलं भरा,
दारात दुधाचा फुटला झरा.

म्हटलं, अगं, ही म्हशींच्या सरकी पेंडेची जाहिरात आहे! पंचेचाळीस वर्षांपूर्वी जीपच्या भोंग्यावरून बाजाराबाजारात वाजायची, आणि म्हणणारी मी आहे. ती म्हणाली, ‘‘आई, काहीतरीच तुमचं!’’ अजूनही तिचा पुरता विश्वास बसलेला नाही. हसू ओसरलं तेव्हा मात्र तू आठवलास. बाकी कुणाचीही चाल कुणी उचलली असती तरी मी नाक मुरडून भाजी निवडायला लागले असते. पण ही तुझी होती.

वकिलाच्या कागदात लिहिलंय की ‘सदर चाल अर्जदाराने स्वतंत्रपणे रचली’. वाचून मला त्या वकिलाची कीव आली. सगळं कसं वाळवून ठेवलंय! त्याला काय माहीत, स्वतंत्रपणे म्हणजे काय झालं होतं ते. पेंडवाल्या रामकिसन शेठनं तुला कामासाठी बोलावलं तेव्हा गल्ल्यामागून एक कॅसेट काढून तुझ्या हातात दिली होती. सिनेमाची चालती गाणी. यातलं कुठलंही घे आणि त्यात पेंड बसव, सगळे तसंच करतात, म्हणाला. आणि खरंच सगळे तसंच करायचे. बिडीवाले, छत्रीवाले, टुरिंग टॉकीजवाले, भोंग्यावर आलं की चाल सिनेमाचीच. तू मात्र अडून बसलास. चोवीस-पंचवीसचं वय, खिशात दमडी नाही, आणि शेठला तोंडावर सांगतोस, मी माझी चाल करणार. शेठ म्हणाला, लोकांना ओळखीची चाल लागते. तू म्हणालास, मग ओळख करून देऊ. गाणं म्हणायला मलाही बोलावलं होतं, मी दारात उभी होते. मला वाटलं, हा आता बाहेर काढतो याला. पण तो माणूस हसला, आणि म्हणाला, कर बाबा.

मग सुरू झालं तुझं वेड. चाल केलीस की सायकलवर पेटी बांधून आमच्या खडकेश्वरच्या घरी यायचास. मी म्हणून बघायची. दुसऱ्या दिवशी ती चाल मोडून नवी घेऊन यायचास. का मोडलीस विचारलं, तर म्हणायचास, हिच्यात अमुक गाण्याचा वास येतो. मला तर काही वास यायचा नाही! काकासाहेब, माझे वडील, ओसरीवर पेपर वाचत बसलेले असायचे. आमचा कापूस सगळा रामकिसन शेठच्या जिनिंगला जायचा, त्यामुळं शेठच्या पेंडेसाठी लेकीनं गाणं म्हटलं तर त्यांची काही ना नव्हती. तुलाही चहा द्यायला ते आठवणीनं सांगायचे. फक्त तो ओसरीवरच द्यायला सांगायचे. गंगापूरच्या बागायतदाराची मुलगी आणि कचेरीतल्या कारकुनाचा, भटजीच्या घरातला मुलगा, मधे ओसरीचा उंबरा होता आणि तो दोघांनाही दिसत होता. तू त्या उंबऱ्याच्या अलीकडं बसून पेटी वाजवायचास, मी पलीकडं उभी राहून म्हणायची.

शेवटी ती चाल आली ती मोंढ्यात, शेठच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांवर बसून. मला आठवतं, तू पेटीला हातही लावला नव्हतास. नुसता गुणगुणत होतास, आणि एकाएकी गप्प बसलास. माझ्याकडं बघून म्हणालास, ही कुणाची नाही. मी म्हणून बघितली. ‘भरा’वर वर जाऊन थांबायचं, चांगलं ऐसपैस थांबायचं, आणि मग ‘झरा’वर सगळं खाली सोडून द्यायचं. इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटावं. शेठनं तक्रार केलीच, हे ‘भरा’ एवढं कशाला लांबवतो? तू म्हणालास, टोपलं भरायला वेळ लागतो, शेठ. आणि मग ते गोदामावरच्या खोलीतलं रेकॉर्डिंग! भिंतीला गाद्या टांगलेल्या, खाली तेलाचे घाणे धडधडतायत, ते जेवणाच्या सुट्टीला थांबले की आपण सुरू करायचं. सरकीच्या धुळीनं मला शिंका यायच्या. प्रत्येक शिंकेला तू कपाळावर हात मारायचास. त्या दिवसांत तू जितका खूश होतास तितका मी तुला पुन्हा कधी बघितला नाही.

त्यानंतरचं तुझं तुला ठाऊक आहे. जीप वाजत राहिली, शेठची पेंड खपली, माझं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात तुला मुंबईचं काम लागलं. योगायोग. मी तेव्हाही योगायोगच म्हटलं होतं. मग तू मोठा झालास. तुझी दंतमंजनं, तुझे बाम, तुझी बिस्किटं, सगळी टीव्हीवर वाजायला लागली. आमचे तात्यासाहेब, देव त्यांना शांती देवो, शेतकी खात्यातला सरळ माणूस, पण तुझी जाहिरात लागली की मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवायचे. ‘‘अहो, तुमच्या मधूची लागली!’’ इतकं मोकळं मन होतं त्यांचं. मी त्यांच्याबरोबर सुखात राहिले, हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्या एका दिवाळीला तू आमच्याकडं आलास ते आठवतंय? फराळ पुढं ठेवला होता आणि तू तुझ्या धंद्याच्या गमती सांगत होतास. एजन्सीवाले परदेशी गाण्याची टेप हातात देतात आणि म्हणतात, हेच पाहिजे, पण हे नको. पकडलं जाऊ नये एवढं बदला, आणि ओळख पुसली जाऊ नये एवढं ठेवा. तू म्हणालास, मी शिंपी आहे, लोकांचे कपडे उसवतो आणि दुसऱ्याच्या मापाला शिवून देतो. आम्ही पोट धरून हसत होतो. मग तात्यासाहेबांनी अगदी भाबडेपणानं विचारलं, ‘‘यातली तुमची स्वतःची अशी कुठली?’’ तू हसलास, आणखी एक करंजी मागितलीस, विषय बदललास. निघताना फाटकाशी चपला घालत होतास, मी एकटीच उभी होते. वर न बघता म्हणालास, ‘‘धवळी पेंड.’’ आणि गेलास. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, मधू. आयुष्यभर एवढं काम करून माणसाला आपली म्हणायला एकच चाल, आणि ती म्हशींची.

म्हणून त्या सोन्याच्या कंपनीनं तुझ्या नोटिशीला दिलेलं, कागदांना जोडलेलं उत्तर वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही, संताप आला. म्हणे, हे गाणं बायका पिढ्यानपिढ्या म्हणतायत, उलट अर्जदारानंच लोकगीत उचलून पेंडेला लावलं! काय म्हणावं या लोकांना? ज्या चाली तू खरोखर उचलल्यास त्यांच्याबद्दल तुला कुणी कधी हटकलं नाही, बक्षिसं दिली. आणि जी तू कुणाची नाही म्हणून छातीशी धरलीस तिच्यावरून तुला चोर म्हणतात. तुझ्या चिठ्ठीत हे काही लिहिलेलं नाहीस. पण अक्षर हललंय तुझं. मला कळतं.

तरी मी लगेच सही केली नाही. का, ते सांगते. गाणाऱ्या बाईचा आवाज माझ्या कानातून जाईना. तो खोटा आवाज नव्हता. कंपनी खोटी असेल, पण ती बाई ते गाणं आपलं समजूनच म्हणत होती. सुनेनं मोबाइलवर शोधून काढलं, द्वारकाबाई, पाचोड. म्हटलं, सही करायच्या आधी हिचं तोंड बघून येऊ. सून म्हणाली, गाडी करा. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? बीडची एसटी पकडली, खिडकीशी बसले, आडूळ गेलं, पाचोड आलं. स्टँडवर नाव सांगितलं तर रसवंतीवाला म्हणाला, ‘‘जाहिरातवाल्या आज्जी ना?’’ आणि थेट दारापर्यंत आणून सोडलं.

द्वारकाबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. शेतीवाडीचं खातंपितं घर, एक मुलगा वाळूजला कंपनीत, एक इथं शेतावर. मी गाण्याची बाई, शाळेत शिकवायची, एवढंच आधी सांगितलं. तिला वाटलं, मी फोटो काढायला आलेय. पदर नीट करून बसली, बिचारी! गाणं कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘‘आमच्या सासू-आजेसासूपासूनचं हाय ते. मी सून होऊन आले तवा म्हणतच होते की सगळ्या.’’ डोळ्यांत कसली लबाडी नाही. आता आली का पंचाईत?  मी हळूच धवळी पेंड म्हणून दाखवलं.

पलीकडं बाजेवर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. द्वारकाबाईची थोरली जाऊ, साळूबाई. तोवर तिनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. ‘भरा’वर मी थांबले आणि ती फिस्सकन हसली. ‘‘अगं बाई! पेंडीचं! सांडूच्या जीपचं!’’ शेंगा सांडल्या, सूप कलंडलं, आणि म्हातारी जी सुरू झाली ती थांबेना.

तुला जीपचा ड्रायव्हर सांडू आठवतो ना, सोयगावचा, तो कान कापला तरी न ऐकणारा? बाजाराच्या दिवशी भोंगा बंद करायचा नाही, असा त्याला शेठचा हुकूम होता. साळूबाईच्या नणंदेची हळद, आणि नेमकी मांडवासमोर जीप पंक्चर. टायर काढून सांडू गेला पंक्चरवाल्याकडं, आणि भोंगा ठेवला चालू! इकडं बायका हळदीचं म्हणतायत आणि तिकडं धवळी पेंड, धवळी पेंड. कुणाचं कुणाला ऐकू येईना. एकीनं जाऊन दगड मारला, भोंगा थांबेना. नवरी रडायच्या बेताला आली. तेव्हा साळूबाई तेवीस-चोवीसची असेल, ती उठली, भोंगा ‘धवळी पेंड’ला आला की त्याच चालीवर ओरडली, ‘‘हळद लागली, हळद लागली, परात भरा!’’ बायकांनी उचललं. नवरीचा भाऊ खांबाला धरून डोळे पुसत होता, कारभारी नाव त्याचं, त्याला घातलं पुढच्या ओळीत. म्हातारी मला म्हणाली, ‘‘भोंग्याला भोंग्यानंच हाणला बघा. मग काय, आमीच जितलो.’’ त्या दिवसापासून त्या गावात हळद त्याच चालीवर लागते. पोरी लग्न होऊन गेल्या तशी चाल घेऊन गेल्या, कुणी पैठणला, कुणी शेवगावला.

द्वारकाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. म्हणाली, ‘‘जाऊबाई, मग तुमी कंपनीवाल्याला का नाय सांगितलं?’’ साळूबाई म्हणाली, ‘‘मला कोण इचारतंय? जुनं हाय का म्हणले, व्हय म्हणलं. माझ्या नणंदंच्या हळदीतलं. तिला आता नातसून आली. अजून किती जुनं पायजे?’’ मधू, मी त्या बाजेवर बसून रडेपर्यंत हसले. कंपनीच्या पिढ्यानपिढ्या म्हणजे ह्या!

मग मी खरं ते सांगितलं, की चाल करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडून मी आलेय, आणि तो कोर्टात जाणार आहे. द्वारकाबाईचा चेहरा उतरला. ‘‘म्हंजी मी लबाड ठरले का? मी सही केली त्यांच्या कागदावर. गावात काय तोंड दाखवू?’’ आणि पाठोपाठ, ‘‘आता आमी हळदीला म्हणायचंच नाय का?’’  मी तिथूनच, अंगणात उभी राहून, तुझ्या वकिलाला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, मामला कंपनीशी आहे, बायकांच्या म्हणण्याला कुणी अडवू शकत नाही, आणि साळूबाई खरं सांगणार असेल तर उलट आपली बाजू भक्कम होते. साळूबाई म्हणाली, ‘‘सांगते की. मला काय भ्या हाय?’’ द्वारकाबाईच्या सुनेनं तिचं सगळं सांगणं मोबाइलवर घेतलंय. ते वकिलाला पोचलंय. तेव्हा तुझं नाव तुला मिळेल असं वाटतं. पण एक बजावून सांगते, भांडायचं ते कंपनीशी भांड. त्या बायकांपैकी कुणाच्या दारात कोर्टाचा कागद गेला तर माझ्याशी गाठ आहे. आणि हळदीचे शब्द साळूबाईचे आहेत, तेही कागदात घालायला लाव. तुला तुझ्या चालीवर नाव पाहिजे, तर तिच्या शब्दांवर तिचं नको?

मी विचार करत होते, उचलणं म्हणतात ते नेमकं कशाला? या बायकांनी तुझी चाल उचलली, पण उघड्यावर, तुझ्याच भोंग्यासमोर, आणि पुढं ज्या पोरीला पाहिजे तिला देऊन टाकली. कुणी नाव लावलं नाही आपलं. तू उचललंस ते झाकून. आणि कंपनीनं उचललं आणि कुलूप लावलं. यात कुणाला चोर म्हणायचं ते मला लख्ख कळतंय, आणि तुझंही मन तुला सांगत असेल, म्हणून अधिक लिहीत नाही.

भीती गेली तसं द्वारकाबाईनं मला जेवायला बसवलं. तुरीच्या दाण्यांची आमटी आणि बाजरीची भाकरी. वाढता वाढता तिनं विचारलं, ‘‘तो मास्तर हाय का अजून?’’ म्हटलं, आहे, पुण्याला असतो. ‘‘कोण हाय त्याला?’’ म्हटलं, कुणी नाही. लग्न केलं नाही. कामातून सवड झाली नाही म्हणतो.  मग साळूबाई म्हणाली, ‘‘एवढ्या हळदी झाल्या, पर त्याच्या नावाचं एक कडवं नाय झालं. लई वंगाळ केलं आपण.’’

त्यांच्याकडची रीत तुला सांगते. हळद लागताना ते गाणं एका कडव्यावर थांबत नाही. घरातल्या एकेकाचं नाव त्याच्या नात्यासकट घालत जायचं. कारभारी दादाच्या डोळ्यांना, अमक्या मामाच्या डोळ्यांना, तमक्या चुलत्याच्या डोळ्यांना. ज्याचं नाव राहील तो रुसतो, पंगतीला बसत नाही, मग त्याची समजूत काढून त्याचं कडवं म्हणायचं तेव्हा तो पानावर येतो. साळूबाईचं म्हणणं पडलं की तू असाच राहून गेलेला माणूस आहेस. द्वारकाबाईच्या नातीचं लग्न आहे माघात. तेव्हा तुझं कडवं म्हणायचं त्यांनी ठरवलंय. एकदा घातलं की पुढच्या पोरी तेच म्हणतात, मग ते निघत नाही. कोर्टाचं तुमचं तुम्ही बघा, म्हणाल्या, आमच्यात असं असतंय.

मला भरून आलं. म्हटलं, मधुसूदन असं नाव आहे, मधू म्हटलं तरी चालेल. साळूबाई म्हणाली, ‘‘नुसतं नाव कसं बसंल? त्याच्या माघारी नातं लागतं. आमचा तर तो कुणी नाय. तुमच्याकडून घालू. तुमचा कोण लागतो?’’ मी घास हातात घेऊन बसून राहिले. मग म्हटलं, मास्तर म्हणा. म्हातारी भाकरी मोडता मोडता म्हणाली, ‘‘मास्तरच्या डोळ्यांना कशाला फुटंल झरा? हळदीत ज्याचं काळीज तुटतं त्याचंच नाव येतं, बाई.’’ आणि माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, माझी गाडी चुकेल. विचारून कळवते, म्हणून उठले. हात धुताना कळलं की आमटीचं पान तसंच टाकून उठलेय.

प्रतिज्ञापत्रावर मी सही केली आहे. सोबत जोडलंय. पाठवायला पाकीट पुरलं असतं. एवढी पानं लिहिली ती दुसऱ्याच कामासाठी. माझ्या हळदीला तू नव्हतास, मधू. घरभर माणसं होती आणि मी पाटावर बसून फाटकाकडं बघत होते. त्या दिवशी तू कुठं होतास, तुझ्या डोळ्यांचं काय झालं, हे मला तेव्हा विचारता आलं नाही, आणि पुढं विचारणं बरं दिसलं नसतं. आता काकासाहेब नाहीत, तात्यासाहेब जाऊन सात वर्षं होतील, आणि माझी सून मला पोरीसारखी चिडवते. आता कुणाला काय वाटायचं ते वाटो. पाचोडच्या बायका उत्तराची वाट बघतायत. ‘दादा’ लिहून पाठवलंस तर याद राख, ते मी त्यांना सांगणार नाही. ‘मास्तर’ त्यांना चालत नाही. तू माझा कोण लागतोस ते तुझ्या हातानं लिही आणि माघाच्या आत पाठव. नुसतं नाव लिहू नकोस. नाव मला पाठ आहे.

तुझीच, आणि हा शब्द आता खोडणार नाही,
उमा